पडदा हेही एक मापयंत्र

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, गुरुग्राम जिल्ह्यात, अरवलीच्या बुटक्या टेकड्यांच्या आश्रयाने मानेसर वसले आहे. पूर्वी जेथे शेते होती, तेथे आज मोटारींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने उभे आहेत. मारुती सुझुकीचा मोठा कारखाना येथे आहे. वाहनांच्या चाचण्या घेणारे आयकॅट हे केंद्रही येथेच आहे. अशा गावात मापनाला मोठा मान असतो. एखादा दांडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने जाड निघाला, तरी तो बाजूला काढावा लागतो. ज्या मायक्रोमीटरने तो मोजावयाचा, तो मायक्रोमीटरही ठराविक मुदतीने प्रमाणित मापाशी ताडून पाहिला जातो. या ताडून पाहण्याला कारखान्यातील मंडळी कॅलिब्रेशन म्हणतात. मुदत उलटून गेलेले उपकरण कितीही चकचकीत दिसत असले, तरी त्याची साक्ष तेथे ग्राह्य धरली जात नाही.

याच मानेसरात राष्ट्रीय मस्तिष्क संशोधन केंद्र आहे. २००३ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी ते राष्ट्राला अर्पण केले. तेथील ३ टेस्ला शक्तीच्या एमआरआय यंत्राने मेंदूच्या प्रतिमा घेतल्या जातात, आणि भारतीय लोकांच्या मेंदूविषयी अशी माहिती एकत्र साठविण्याचा 'स्वदेश' नावाचा प्रकल्प या केंद्राने २०२१ साली जाहीर केला. येथे काम करणाऱ्यांना एक गोष्ट नित्य परिचयाची असते. मेंदूची प्रतिमा ही मूळची चित्र नसून आकड्यांची एक प्रचंड सारणी असते. संशोधक त्या आकड्यांचे गणित करतो, त्यांची सरासरी काढतो, एका मेंदूची दुसऱ्याशी तुलना करतो.

रुग्णालयात ही सारणी आकड्यांच्या रूपाने कोणीही वाचीत नाही. तेथे ती संगणकाच्या पडद्यावर चढते, काळ्या-पांढऱ्या आणि करड्या छटांचे रूप घेते, आणि एक मनुष्य तिच्याकडे पाहून निर्णय देतो. गाठ आहे की नाही, हाड मोडले आहे की नाही, मेंदूत रक्त साचले आहे की नाही, हे त्या पडद्यावर ठरते. म्हणजे तो पडदा हेही एक मापयंत्रच होय. जो न्याय मानेसरच्या कारखान्यात साध्या मायक्रोमीटरला मिळतो, तो रुग्णालयातील या पडद्याला मिळावा, इतकीच मागणी या लेखात मांडावयाची आहे. ती मागणी लहान दिसते. परंतु तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

आकड्यांपासून छटांपर्यंत

१८९५ च्या नोव्हेंबरात वुर्झबर्ग येथे राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र काचेच्या पट्टीवर उमटविले. त्यानंतर कित्येक दशके क्ष-किरणचित्र म्हणजे काच अथवा फिल्म, असेच समीकरण राहिले. फिल्म प्रकाशपेटीवर लावावयाची आणि पाहावयाची. त्या फिल्मवर जे उमटले ते कायमचे. त्यात पुढे फेरफार करता येत नसे.

१९७१ च्या ऑक्टोबरात लंडन येथील अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने एका रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन घेतला, आणि हे समीकरण बदलले. त्या पहिल्या यंत्राच्या प्रतिमेत ८० ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० चित्रबिंदू, असे एकूण ६,४०० बिंदू होते. आज एका छेदात ५१२ गुणिले ५१२, म्हणजे २,६२,१४४ बिंदू असतात, आणि एका तपासणीत असे शेकडो छेद मिळतात. प्रत्येक बिंदूला एक आकडा असतो. पाण्याचा आकडा शून्य, हवेचा उणे १,०००, आणि घट्ट हाडाचा १,००० किंवा त्याहूनही अधिक. हाउन्सफील्ड यांच्या नावानेच हे परिमाण ओळखले जाते. या कार्याबद्दल त्यांना आणि अॅलन कॉर्मॅक यांना १९७९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता एक साधा हिशेब करून पाहावा. सीटीच्या आकड्यांचा एकूण विस्तार सुमारे ४,००० पायऱ्यांचा असतो. सर्वसाधारण पडदा मात्र २५६ छटाच दाखवू शकतो. सर्व ४,००० पायऱ्या २५६ छटांत बसविल्या, तर सुमारे १६ पायऱ्यांना मिळून एक छटा येते. मेंदूचे सारे रहस्य शून्य ते ८० या पट्ट्यात सामावलेले असते. म्हणजे मेंदूच्या वाट्याला जेमतेम पाच छटा येणार! मेंदूतील करड्या आणि पांढऱ्या द्रव्यांत फरक असतो तो सुमारे दहा पायऱ्यांचा. तो अशा चित्रात दिसणेच शक्य नाही.

यावर उपाय असा की, वाचणाऱ्याने आपल्याला हवा तेवढाच पट्टा निवडावयाचा आणि २५६ छटा त्या पट्ट्यालाच द्यावयाच्या. शून्याखालचे सर्व काळे, ८० च्या वरचे सर्व पांढरे, आणि मधल्या प्रत्येक पायरीला तीन छटा. या निवडीला तज्ज्ञ 'विंडो' म्हणजे खिडकी म्हणतात. फुप्फुसासाठी एक खिडकी, हाडासाठी दुसरी, मेंदूसाठी तिसरी. ज्या संगणकावर बसून तज्ज्ञ ही खिडकी सरकवितो, छेद वरखाली करून पाहतो, जुनी प्रतिमा नव्या प्रतिमेशेजारी मांडतो, त्याला रुग्णालयात 'वर्कस्टेशन' म्हणतात. तो केवळ चित्र दाखविणारा संगणक नव्हे. आकड्यांच्या सारणीला प्रश्न विचारण्याचे ते साधन आहे.

दोन उदाहरणे

या साधनाची कसोटी कोठे लागते, हे पक्षाघाताच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असल्यास गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणनेप्रमाणे अशा पक्षाघातात उपचारावाचून जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात. परंतु रक्तवाहिनी बंद झाली नसून फुटली असेल, तर तेच औषध प्राणघातक ठरते. म्हणून प्रथम सीटी स्कॅन घ्यावयाचा आणि रक्त साचलेले नाही याची खात्री करून घ्यावयाची. गुठळीमुळे मरू लागलेला मेंदूचा भाग पहिल्या काही तासांत शेजारच्या भागाहून केवळ दोन-चार पायऱ्यांनी काळसर दिसतो. पडदा मंद असेल, त्यावर समोरच्या खिडकीतील उजेड पडत असेल, तर त्या दोन-चार पायऱ्या उजेडातच बुडून जातात.

दुसरे उदाहरण कवटीच्या मारासंबंधीचे. मोटारसायकलवरून पडलेल्या माणसाच्या कवटीच्या आतल्या बाजूस रक्ताचा पातळ थर साचू शकतो. मेंदूच्या नेहमीच्या अरुंद खिडकीत हाडही पांढरे दिसते आणि ताजे रक्तही पांढरे दिसते. दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. खिडकी रुंद करून पाहिली की रक्ताचा थर हाडापासून वेगळा होतो. वर्कस्टेशनवर हे काम एका क्षणाचे आहे. फिल्मवर ते होत नाही, कारण फिल्मवर खिडकी आधीच कोणीतरी निवडून ठेवलेली असते. आणि त्या फिल्मचे मोबाइलवर छायाचित्र काढून ते दूरच्या तज्ज्ञाकडे धाडले, तर त्या तज्ज्ञाच्या हाती पडते ती दुसऱ्याने निवडलेल्या खिडकीची, वर पुन्हा दिव्याची तिरीप पडलेली, नक्कल. निकडीच्या प्रसंगी असे छायाचित्र पाठविणे समजण्यासारखे आहे. परंतु तीच निदानाची रीत होऊन बसणे धोक्याचे आहे.

उजेडाचे माप

पडद्यास मापयंत्र म्हणावयाचे, तर त्याचे माप कोणते, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. ते माप उजेडाचे होय. डोळ्यांचा एक स्वभाव आहे. अंधाऱ्या खोलीत लावलेली एक पणती लगेच जाणवते. भर दुपारी अंगणात लावलेली तीच पणती कोणाच्या लक्षातही येत नाही. त्याचप्रमाणे गडद छटांतील लहान फरक आणि उजळ छटांतील तेवढाच फरक डोळ्यांना सारखे वाटत नाहीत. म्हणून पडद्यावरच्या छटा अशा रीतीने बसवाव्या लागतात की, आकड्यांतील प्रत्येक पायरी डोळ्यांना सारख्याच उंचीची भासावी.

यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. १९८३ साली अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांची संस्था आणि विद्युत-उपकरणे बनविणाऱ्यांचा संघ यांनी एक संयुक्त समिती नेमली. तिच्या प्रयत्नांतून १९८५ साली पहिले मानक प्रसिद्ध झाले, आणि १९९३ पासून ते डायकॉम या नावाने ओळखले जाऊ लागले. कोणत्याही कंपनीच्या यंत्राची प्रतिमा कोणत्याही कंपनीच्या संगणकावर उघडावी, हा त्याचा मुख्य हेतू. त्याच मानकाच्या एका भागात पडद्याच्या करड्या छटा कशा असाव्यात, हेही सांगितलेले आहे. दोन गावांतील दोन पडदे या नियमाप्रमाणे जुळविलेले असतील, तर एकच प्रतिमा दोन्ही ठिकाणी जवळजवळ सारखीच दिसेल. दूरच्या तालुक्यात काढलेले चित्र शहरातील तज्ज्ञाने वाचावयाचे, ही व्यवस्था या समानतेवरच उभी आहे.

निदानाच्या पडद्याचा उजळपणा दर चौरस मीटरला किमान ३५० कँडेला असावा आणि स्तनाच्या क्ष-किरणचित्रांसाठी तो किमान ४२० असावा, अशी अमेरिकेतील तज्ज्ञ-संस्थांची शिफारस आहे. वाचनाच्या खोलीतील उजेड साधारणतः ५० लक्सच्या आत असावा, असे सांगितले जाते. सामान्य कचेरीत तो ३०० ते ५०० लक्स असतो. चित्रबिंदूंचाही विचार करावा लागतो. छातीच्या एका डिजिटल क्ष-किरणचित्रात ४० लाखांहून अधिक बिंदू असतात, तर घरगुती संगणकाच्या नेहमीच्या पडद्यावर सुमारे २१ लाखच मावतात. मोठे करून पाहिल्यावाचून बारीक खुणा तेथे दिसत नाहीत.

आणि पडदा म्हातारा होतो, ही गोष्ट बहुधा विसरली जाते. त्याच्या पाठीमागचा दिवा वर्षानुवर्षे हळूहळू मंदावतो. रोज त्याच पडद्यासमोर बसणाऱ्याला तो बदल जाणवत नाही, कारण डोळेही त्याच्याबरोबर सवय करून घेतात. म्हणून उजेड मोजण्याच्या उपकरणानेच त्याची परीक्षा घ्यावी लागते. कँडेला या परिमाणाचे राष्ट्रीय प्रमाण मानेसरपासून फार दूर नसलेल्या दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत जपले जाते. उजेडाचे माप देशात आहे. ते रुग्णालयातील पडद्यापर्यंत नेण्याचे काम तेवढे उरले आहे.

जुन्या पिढीची शिस्त

डोळ्यांची ही काळजी नवी नाही. क्ष-किरणांच्या आरंभीच्या काळात डॉक्टर अंधाऱ्या खोलीत चकाकणाऱ्या पडद्यावर रुग्णाची छाती प्रत्यक्ष हलताना पाहत. ती चकाकी इतकी क्षीण असे की, डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत काहीच दिसत नसे. १९१६ साली विल्हेल्म ट्रेन्डेलेनबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने त्यासाठी लाल काचांचे चष्मे सुचविले. तपासणीपूर्वी वीस-तीस मिनिटे डॉक्टर हे चष्मे लावून वावरत, आणि मगच खोलीत शिरत. त्या काळची यंत्रे आजच्या मानाने अगदी ओबडधोबड होती. परंतु पाहणाऱ्याचे डोळे हा यंत्राचाच एक भाग आहे, हे त्या पिढीने ओळखले होते. यंत्रे सुधारत गेली तसतसे हे भान मागे पडले.

आज स्थिती अशी आहे की, क्ष-किरण यंत्रावर १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. यंत्राला परवाना लागतो आणि त्याची ठराविक काळाने तपासणी करावी लागते. हे योग्यच आहे, कारण किरणांचा अतिरेक अपायकारक असतो. परंतु रुग्णाच्या शरीरातून किरण जाऊ द्यावयाचे, ते त्यापासून काही ज्ञान मिळावे म्हणून. ते ज्ञान मंद पडद्यावर हरवले, तर रुग्णाने किरणांचा भार व्यर्थच सोसला, असे म्हणावे लागेल. साखळीच्या एका टोकाची परीक्षा काटेकोर आणि दुसऱ्या टोकाची परीक्षा मर्जीवर, ही व्यवस्था शास्त्रीय म्हणता येणार नाही.

काही आक्षेप

या मागणीवर पहिला आक्षेप खर्चाचा येईल. निदानासाठी बनविलेले पडदे महाग असतात, हे खरे आहे. परंतु ज्या सीटी अथवा एमआरआय यंत्रासाठी कोट्यवधी रुपये खर्च होतात, त्याच्या मानाने पडद्याचा खर्च अल्प असतो. शिवाय काळोखी खोली, खिडकीला जाड पडदा आणि दिव्याचे तोंड भिंतीकडे वळविणे, यांस जवळजवळ काहीच खर्च येत नाही. रोज सकाळी संगणकावर परीक्षेचे चित्र लावून पाहता येते. त्यात पूर्ण काळ्या चौकोनात पाच टक्के उजळ असा एक लहान चौकोन असतो, आणि पूर्ण पांढऱ्या चौकोनात ९५ टक्के उजळ असा दुसरा. दोन्ही लहान चौकोन स्पष्ट दिसले नाहीत, तर त्या पडद्यावर त्या दिवशी निदान करू नये. ही परीक्षा कोणताही तंत्रज्ञ एका मिनिटात करू शकेल.

दुसरा आक्षेप अनुभवाचा. मुरलेल्या डॉक्टरांनी खिडकीच्या उजेडात फिल्म धरून अचूक निदाने केली आहेत, असे सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. परंतु जी निदाने चुकली, त्यांची कथा सहसा कोणी सांगत नाही. अनुभवी नजरेला जे पडद्यावर आलेलेच नाही, ते दिसणार कसे?

तिसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. यापुढे चित्रे संगणकच वाचील, मग माणसासाठी पडदा कशाला, असे विचारले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली क्षयरोगाच्या शोधमोहिमेत छातीची चित्रे वाचण्यासाठी संगणकीय वाचनास मान्यता दिली. मुंबईत २०१६ साली स्थापन झालेल्या क्युअर.एआय या कंपनीने असे वाचन करणारी प्रणाली बनविली आहे. ज्या हरियाणात मानेसर आहे, त्याच राज्यातील पंचकुला येथून ७ डिसेंबर २०२४ रोजी क्षयरोगाविरुद्ध शंभर दिवसांच्या राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला, आणि तीत हाताने उचलून नेता येणारी क्ष-किरण यंत्रे वापरली गेली. जेथे तज्ज्ञ नाही तेथे संगणकाची ही मदत स्वागतार्हच आहे. तथापि, संघटनेची शिफारस १५ वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींपुरती आहे. लहान मुलांची चित्रे माणसानेच वाचावयाची आहेत. आणि संगणकाने संशयित ठरविलेल्या रुग्णाबाबत शेवटचा शब्द माणसालाच द्यावा लागतो. संगणकाला उजेडाची गरज नसते; त्याच्या चुका पकडणाऱ्या माणसाला मात्र ती असते.

वाचणाऱ्याचे स्थान

केवळ पडदा सुधारून सारे साधेल, असेही मानू नये. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ क्ष-किरणतज्ज्ञांना फुप्फुसांतील गाठी शोधावयास सांगितले होते. चित्रांत एका गोरिलाची आकृती मुद्दाम घातलेली होती, आणि ती सरासरी गाठीच्या ४८ पट मोठी होती. २४ पैकी २० तज्ज्ञांना ती दिसली नाही. त्यांपैकी बहुतेकांची नजर त्या आकृतीवरून प्रत्यक्ष फिरलेली होती, असे नजरेच्या नोंदीवरून दिसून आले. एका गोष्टीच्या शोधात गुंतलेले मन दुसरी गोष्ट पाहूनही पाहत नाही. ही तज्ज्ञांची निंदा नव्हे. हा मनुष्याच्या मनाचा धर्म आहे.

यावरून निघणारा बोध असा की, वाचणाऱ्याला शांतता लागते, पुरेसा वेळ लागतो, रुग्णाची हकीकत आणि जुन्या प्रतिमा हाताशी असाव्या लागतात. ज्या तज्ज्ञाला दर पाच मिनिटांनी दूरध्वनी उचलावा लागतो, त्याच्या पडद्यावर कितीही कँडेला असले तरी त्याचे निदान डळमळीतच राहणार. म्हणून एखादे रुग्णालय नवे यंत्र घेते, तेव्हा त्याच्या मागणीपत्रात यंत्राबरोबरच वाचनाची खोली, प्रमाणित पडदे, ते तपासण्याचे उपकरण आणि तपासणीच्या नोंदीचे पुस्तक, यांचाही उल्लेख असावा. चित्रे दूर धाडावयाची असल्यास मूळ आकड्यांसह धाडावीत. छायाचित्रांच्या रूपाने धाडू नयेत. आणि पडद्याच्या कडेला, कारखान्यातील मायक्रोमीटरवर असते तशी, शेवटच्या तपासणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी असावी.

रुग्णाने आणि त्याच्या नातेवाइकांनीही ती चिठ्ठी पाहावयास शिकले पाहिजे. बगलेत चित्रांचे मोठे पाकीट धरून एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या माणसाला ते चित्र कोठे काढले, एवढेच ठाऊक असते. ते कोठे आणि कसे वाचले गेले, हे तो विचारीत नाही. तो हे विचारू लागला, तर पुष्कळ सुधारणा हुकमावाचूनच घडून येतील. मानेसरच्या कारखान्यात मोटारीचा एक दांडा तपासावयाचा, तर हाती प्रमाणित माप असावे लागते. मनुष्याचा मेंदू तपासताना त्याहून कमी काटेकोरपणा चालेल, असे कोणीही म्हणणार नाही. मग तसे वागू तरी का द्यावे?